सिलोनच्या मळ्यांतील कावेरीकाठचा मजूर : कर्ज, कागद आणि घर

(कुंभकोणम येथे पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कुंभकोणम हे गाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले. १७९९ साली मुलखाचा कारभार कंपनी सरकारने आपल्याकडे घेतला, तरी तंजावरची मराठी गादी १८५५ पर्यंत टिकून होती. या काळात महाराष्ट्रातून आलेले शास्त्री, कारकून, शिलेदार कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झाले. त्यांना इनामे मिळाली, दरबारी नेमणुका मिळाल्या. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच कुंभकोणमात झाला. परमुलखात जाऊन घर करण्याचा हा एक प्रकार होता. येणाऱ्याच्या हाती सनद होती, म्हणून त्याच्या पायाखाली जमीन आली.

दुसरा प्रकारही याच मातीतून घडला. पण त्याची नोंद कोणत्याही दरबारी दफ्तरात आदराने झालेली नाही. याच खोऱ्यातील भूमिहीन शेतमजूर पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून सिलोनच्या डोंगरांत गेला. त्याच्या हाती सनद नव्हती, त्याच्या नावावर कर्ज होते. कुंभकोणमची कॉफी आज साऱ्या दक्षिणेत वाखाणली जाते. परंतु समुद्रापलीकडच्या कॉफीच्या पहिल्या मळ्यांसाठी ज्यांनी जंगल तोडले, त्यांत तंजावर, तिरुचिरापल्ली, पुदुकोट्टै, सेलम, मदुरा आणि रामनाड या भागांतील माणसे होती, हे कॉफी पिणाऱ्यांपैकी कितीजणांस ठाऊक असेल?

शेजारच्या देशात मजुरीला जाणे, तेथे संसार मांडणे आणि एके दिवशी 'तू येथला नव्हेस' असे ऐकणे, या अनुभवाचा विचार आज करावयाचा आहे. भावनेच्या भाषेत त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे रोजच्या व्यवहाराचे प्रश्न पाहू : भाडे कोणी भरले, मजुरी कोणाच्या हाती पडली, जन्माची नोंद कोणी केली, फंडाची रक्कम कोठे अडकली, म्हातारपणी खोली कोणाची. राजकारण या प्रश्नांच्या बाहेर नव्हते. ते याच प्रश्नांत होते.

जाणारा का गेला?

तंजावरचे खोरे म्हणजे दक्षिणेचे भाताचे कोठार. पण कोठाराची किल्ली मिरासदारांच्या आणि मठ-देवस्थानांच्या हाती होती. शेतात राबणारा 'पन्नैयाळ' म्हणजे पिढीजात सालदार. तो बहुशः पळ्ळर किंवा परैयर या दलित जातींचा. चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी पाजणे या शिक्षा या जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होत्या. १९४० च्या दशकात कॉम्रेड बी. श्रीनिवासराव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी शेतमजुरांची संघटना उभारली, तेव्हा कोठे त्या बंद पडू लागल्या. पन्नैयाळांना संरक्षण देणारा कायदा १९५२ साली झाला. त्यानंतरही १९६८ च्या २५ डिसेंबरला याच जिल्ह्यातील कीळवेणमणी गावी मजुरीवाढ मागणाऱ्या शेतमजुरांच्या कुटुंबांतील ४४ जणांना एका झोपडीत जिवंत जाळण्यात आले.

तेव्हा सिलोनला जाणारा माणूस सुखाच्या शोधात हौसेने निघाला होता, असे म्हणता येणार नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात तर लोंढेच्या लोंढे निघाले. रेल्वे आणि आगबोटीची सोय नव्हती तेव्हा ही माणसे मन्नारच्या किनाऱ्यावर उतरून जंगलातून दिवसेंदिवस पायी चालत मातळेच्या डोंगरापर्यंत जात. पटकी आणि उपासमारीने कितीतरीजण वाटेतच मेले. १८६९ नंतर पानावरच्या रोगाने कॉफी बुडाली आणि चहाचे दिवस आले. कॉफीला मजूर हंगामापुरता लागे. चहाची पाने वर्षभर खुडावी लागतात. म्हणून मळेवाल्यांना बारमाही मजूर हवा झाला, बाया हव्या झाल्या, मुले हवी झाली. कुटुंबेच्या कुटुंबे तेथे रुजली, ती मळेवाल्यांच्या गरजेपायी.

कंगाणी आणि उचल

ही भरती करणारा माणूस म्हणजे कंगाणी. मराठी वाचकाने ऊसतोडीचा मुकादम डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे अधिक स्पष्टीकरण लागणार नाही. बीडचा ऊसतोड मजूर जशी उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो, तसाच तंजावरचा मजूर कंगाणीकडून आगाऊ रक्कम घेऊन निघे. गावच्या सावकाराचे देणे, प्रवासखर्च, वाटेतले तांदूळ, सारे त्याच्या नावावर चढे. कंगाणी बहुधा त्याच गावाकडचा, कधी जातीचा, कधी नात्याचा असे. त्यामुळे कर्जाला नात्याचा मुलामा चढे आणि पळून जाणे म्हणजे घरच्यांशी बेइमानी ठरे. हजेरीवरच्या प्रत्येक मजुरामागे मळेवाला कंगाणीला रोजचे ठराविक पैसे देई. मजूर जितका अडकलेला, तितकी कंगाणीची मिळकत पक्की.

या व्यवस्थेचा कणा होता 'तुंडू'. तुंडू म्हणजे कागदाचा तुकडा. मजुराच्या नावावरचे देणे फेडणाऱ्यास तो सोडला जाईल, असे पहिला मळेवाला त्यावर लिहून देई. नवा मळेवाला ती रक्कम भरी आणि ती पुन्हा मजुराच्या खात्यावर पडे. मजूर मळा बदलू शकत होता, कर्ज मात्र त्याच्याआधी नव्या मळ्यावर पोचलेले असे. १९२१ साली कायद्याने तुंडू बंद झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी पत्र्याच्या बिल्ल्याची पद्धतही आली होती. मळ्याचा आकडा कोरलेला बिल्ला घेऊन मजूर मंडपमच्या छावणीत येई, तेथे रोगराईच्या भीतीने अडकवून ठेवला जाई आणि मग पलीकडे पाठवला जाई. १९१४ साली पांबनचा पूल झाला आणि धनुष्कोडीहून तलैमन्नारला आगबोट सुटू लागली. मद्रास, कुंभकोणम, तंजावर, धनुष्कोडी अशी लोहमार्गाची साखळी पुरी झाली.

एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. मजुराच्या आयुष्यातला पहिला कागद त्याच्या कर्जाचा होता. त्याच्या हक्काचा कागद पुढे अनेक वर्षे कोणी तयारच केला नाही.

दहा फूट बाय बारा फूट

मळ्यावर घर म्हणजे 'लाइन'. दहा फूट रुंद, बारा फूट लांब अशा खोल्यांची बराक, पुढे अरुंद पडवी. एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन. खोली मळ्याची, काम सुटले की खोली सुटली. दुकान, दवाखाना, पाळणाघर, सारे मळ्याच्या हद्दीत. मजुरीचा काही भाग तांदळाच्या रूपाने मिळे आणि महिनाअखेर हिशेब झाला की हातात फार थोडे उरे. बाईची रोजंदारी पुरुषापेक्षा कमी ठेवलेली असे, खुडणीचे मुख्य काम मात्र बाईचेच. हा भेद मिटायला १९८४ साल उजाडावे लागले, आणि तोही कामगारांच्या संपानंतर मिटला.

संघटना उभी राहिली तीही तंजावरच्या माणसाच्या पुढाकाराने, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे. या जिल्ह्यातून गेलेले पत्रकार को. नटेश अय्यर यांनी १९३१ साली मळेकामगारांचा महासंघ काढला. मळ्यांत बाहेरच्या माणसाला पाऊल टाकण्याची बंदी असे, म्हणून त्यांनी पत्रके आणि पुस्तिका छापून मजुरांपर्यंत पोचवल्या. त्यांच्या पत्नी मीनाक्षी अम्माळ गाणी रचून गात. मजुराला हिशेब समजावून सांगणे, कंगाणीच्या खात्यातली लबाडी दाखवणे, हेच या चळवळीचे पहिले पाठ होते. १९४० च्या जानेवारीत मुलोया मळ्यावरील संपात पोलिसांच्या गोळीने गोविंदन नावाचा कामगार पडला. डोंगरावरच्या चळवळीचा तो पहिल्या हुतात्म्यांपैकी एक.

पणजोबाच्या जन्माचा दाखला

१९३१ साली सिलोनमध्ये प्रौढ मताधिकार आला. मळेकामगारांचे मत मोजले जाऊ लागले, आणि येथूनच त्यांच्याविरुद्धच्या राजकारणाला धार चढली. १९३९ साली सिलोन सरकारने सरकारी खात्यांतील भारतीय रोजंदारांना काढावयास सुरुवात केली. उत्तरादाखल हिंदुस्थान सरकारने अकुशल मजुरांच्या सिलोनला जाण्यावर बंदी घातली. दोन सरकारांच्या या झटापटीत मजुराची जुनी ये-जा तुटली.

१९४७ च्या निवडणुकीत सिलोन इंडियन काँग्रेसचे सात उमेदवार निवडून आले. शिवाय अनेक मतदारसंघांत मळेकामगारांची मते डाव्या उमेदवारांच्या पारड्यात पडली. स्वतंत्र सिलोनच्या सरकारने १९४८ साली नागरिकत्वाचा कायदा केला, तो या पार्श्वभूमीवर. जन्म सिलोनमध्ये झाला एवढे पुरे नव्हते. बापाचा जन्म, किंवा आजोबा आणि पणजोबा या दोघांचाही जन्म सिलोनमध्ये झाल्याचे दाखवावे लागे. ज्या मजुराच्या मुलाचा जन्म लाइनच्या खोलीत झाला आणि ज्याची नोंद करण्याची कोणालाच गरज वाटली नाही, त्याने पणजोबाच्या जन्माचा दाखला कोठून आणावा? १९४९ साली दुसरा कायदा झाला. विवाहितास सात वर्षे आणि अविवाहितास दहा वर्षे अखंड वास्तव्याची अट त्यात होती. लग्नकार्यासाठी किंवा आईबापांच्या आजारपणासाठी गावी गेलेला, लांबून राहिलेला मजूर या अटीत अडकला. त्याच वर्षी मतदानाचा हक्कही गेला.

येथे आत्मपरीक्षणाचाही एक मुद्दा आहे. कायदा अन्यायी आहे म्हणून सिलोन इंडियन काँग्रेसने प्रथम अर्ज करण्यावर बहिष्कार टाकला. कायदा अन्यायी होताच. पण दोन वर्षांच्या मुदतीतला मौल्यवान काळ हातचा गेला आणि शेवटी मुदत संपता संपता अर्जांची धावपळ झाली. सुमारे सव्वाआठ लाख लोकांसाठी अर्ज झाले. त्यांतून नागरिकत्व मिळाले ते सुमारे एक लाख चौतीस हजारांना. उरलेले ना सिलोनचे, ना भारताचे. अन्यायी कायद्याविरुद्ध लढणे आणि त्याच वेळी घरोघर जाऊन कागद गोळा करणे, ही दोन्ही कामे एकदम करावी लागतात. एक केले म्हणजे दुसरे टाळता येते, ही समजूत महाग पडली.

ज्यांचा सौदा, तेच गैरहजर

१९६४ च्या ३० ऑक्टोबरला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करारावर सह्या केल्या. नऊ लाख पंचाहत्तर हजार माणसांपैकी सव्वापाच लाख भारताने घ्यावीत, तीन लाखांना सिलोनने नागरिकत्व द्यावे, उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहावे, असे ठरले. १९७४ साली हे दीड लाख निम्मेनिम्मे वाटून घेण्यात आले. ज्यांच्या आयुष्याची अशी वाटणी झाली त्यांची संमती हा या कराराचा आधार नव्हता. १९४८ च्या कायद्याला कडाडून विरोध करणारा लंका समसमाज पक्ष १९६४ च्या जूनमध्ये त्याच सरकारात सामील झाला होता, हेही विसरता येणार नाही.

आकडे ठरले होते. माणसांना मात्र अर्ज करावयाचे होते. भारतीय नागरिकत्वासाठी सुमारे पाच लाखांचेच अर्ज आले; सिलोनचे नागरिकत्व मागणारे त्याहून पुष्कळ अधिक निघाले. आपले घर कोठे आहे याचे उत्तर मजुरांनी या अर्जांतून दिले होते. पण उत्तराप्रमाणे गणित बदलले नाही. १९७३-७४ च्या टंचाईत मळ्यांवर उपासमार झाली, तेव्हा निघून जाणे हाच अनेकांना एक मार्ग उरला.

निघताना काय काय पार पाडावे लागे? कुटुंबाचे कार्ड, पासपोर्ट, फंडाचा आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब, सामानाची यादी. एका कुटुंबाला नेता येणाऱ्या मालमत्तेची कमाल मर्यादा चार हजार रुपयांखाली आणू नये, असे करारात होते. पण चार हजारांची मालमत्ता किती मजुरांपाशी होती? फंडाची रक्कम हाती पडेपर्यंत माणूस बोटीत बसलेला असे आणि मग इकडून पत्रे लिहीत राही. भावाभावांचे अर्ज वेगवेगळ्या देशांचे निघाले, आईबाप एका देशाचे आणि मुलगी दुसऱ्या देशाची झाली. बोटीच्या धक्क्यावर शतकाची नाती तुटली. धनुष्कोडी १९६४ च्या डिसेंबरातील वादळात उद्ध्वस्त झाल्यावर बोट रामेश्वरहून सुटे. १९८३ च्या जुलैतील तमिळविरोधी हिंसाचारानंतर ती वाहतूकही थांबली, आणि भारताचे पासपोर्ट घेतलेली हजारो माणसे पलीकडेच अडकली.

'सिलोनकारन'

साडेचार लाखांच्या आसपास माणसे तमिळनाडूत आणि शेजारच्या राज्यांत परतली. 'परतली' हा शब्दही तितकासा खरा नाही, कारण त्यांतील बहुतेकांनी भारत पूर्वी कधी पाहिलाच नव्हता. तिकडे त्यांना 'इंडियाकारन' म्हणत; येथे ती 'सिलोनकारन' ठरली.

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. निलगिरीत सरकारी चहामळे काढले, कन्याकुमारीत रबराची लागवड केली, काहींना सूतगिरण्यांत घेतले, १९६९ साली परतलेल्यांसाठी सहकारी बँक उघडली. पण बहुसंख्यांच्या वाट्याला आले ते पाच हजार रुपयांपर्यंतचे व्यवसायकर्ज. ज्याने जन्मभर चहा खुडला, त्याने एकाएकी दुकान कसे चालवावे? कर्ज मंजूर करून देणारे दलाल आपला हिस्सा काढून घेत. पैसे संपले की माणूस पुन्हा डोंगराची वाट धरी. १९८० च्या दशकात कोडाईकनालच्या डोंगरांत लाकूडतोडीच्या ठेकेदारांकडे ही परतलेली कुटुंबे वेठबिगार म्हणून राबताना आढळली. जे आगाऊ रकमेच्या बंधनात समुद्रापार गेले होते, त्यांची नातवंडे आगाऊ रकमेच्याच बंधनात मायदेशी सापडली.

निलगिरीच्या सरकारी मळ्यांची कथा अजून संपलेली नाही. तोट्याचे कारण देऊन २०२२ साली त्यांतील दोन हजारांहून अधिक हेक्टर जमीन वनखात्याकडे देण्याचे ठरले. निवृत्त कामगाराने खोली सोडावी, तर जावे कोठे? तंजावरातल्या ज्या गावाहून पणजोबा निघाला, तेथे त्याचे घर नव्हतेच. तेथूनच तर तो भूमिहीन म्हणून गेला होता.

आणि मंडपम? जाणाऱ्यांना जेथे अडकवून ठेवीत, तीच छावणी येणाऱ्यांची झाली, आणि १९८३ नंतर निर्वासितांचीही झाली. २०२१ साली तमिळनाडूतील शंभराहून अधिक छावण्यांत सुमारे अठ्ठावन्न हजार माणसे होती. त्यांतील पुष्कळजण मूळ भारतीय वंशाचे, म्हणजे मळेकामगारांचेच वारस. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात श्रीलंकेचे नाव नाही. मात्र १९८७ च्या १ जुलैपूर्वी भारतात जन्मलेल्यास जन्मानेच नागरिकत्व आहे, आणि त्या आधारे छावणीत जन्मलेल्यांना दाद मागता येते. अट पुन्हा तीच : जन्माची नोंद हाती पाहिजे.

श्रीलंकेत राहिलेल्यांना मात्र अखेर न्याय मिळाला. १९८८ आणि २००३ च्या कायद्यांनी उरलेल्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न मार्गी लागला. तो सहजासहजी लागला नाही. मळ्यांवरच्या संघटना टिकून राहिल्या, संप करू शकल्या, मतपेटीत वजन टाकू शकल्या, म्हणून तो लागला. जी माणसे विखरून गेली त्यांचा प्रश्न रेंगाळला. जी संघटित राहिली त्यांचा सुटला. या इतिहासातून घेण्याजोगा सर्वात मोठा बोध हाच आहे.

आजचे काम

हा केवळ गतकाळ नव्हे. कावेरीच्या खोऱ्यातला तरुण आज आखातात आणि मलेशियात जातो, रत्नागिरीचाही जातो. कंगाणीच्या जागी एजंट आला आहे, तुंडूच्या जागी मालकाने काढून घेतलेला पासपोर्ट आला आहे. ऊसतोडीचा मजूर तर राज्याच्या हद्दीतच हा अनुभव दरवर्षी घेतो. म्हणून प्रत्येक शाखेने काही साधी कामे नेमाने करावयास हवीत.

जाणाऱ्याने एजंटास किती रक्कम दिली आणि ती कोणाकडून उचलली, याची लेखी नोंद ठेवावी. कराराची प्रत त्याला समजणाऱ्या भाषेत मिळावी आणि एक प्रत घरी राहावी. पासपोर्ट ज्याचा त्याच्याच हाती असावा. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद परदेशात झाली तरी ती आपल्या वकिलातीत व गावीही करून घ्यावी. फंडाचा आणि मजुरीचा हिशेब काम सुटल्यावर नव्हे, दरमहा तपासावा. जेथे संघटना असेल तेथे सभासद व्हावे. आणि मायदेशी परतणाऱ्याला व्यवसायकर्जाआधी घर आणि काम द्यावे, ही मागणी सरकारपुढे सतत ठेवावी. निलगिरीतील निवृत्त मळेकामगारांना राहत्या घराचा हक्क आणि छावण्यांतील मळेकामगारांच्या वारसांना नागरिकत्व, या दोन मागण्या आजही उभ्या आहेत.

२०२३ च्या १४ ऑक्टोबरला नागपट्टिणम ते कांकेसंतुरै ही प्रवासी बोट सुरू झाली. कुंभकोणमहून नागपट्टिणम काही तासांच्या वाटेवर आहे. समुद्राची वाट पुन्हा उघडली, याचे स्वागतच केले पाहिजे. शेजारच्या देशांतील श्रमिकांनी एकमेकांकडे जावे-यावे, यात गैर काहीच नाही. पण त्या वाटेने पुढे जो कोणी मजुरीला जाईल, त्याने कर्जाचा नव्हे, हक्काचा कागद खिशात घेऊन जावे. त्याची तयारी बोट सुटण्यापूर्वी, येथे गावागावांत करावयाची आहे.